पोटात ठेवलेलं

मधली वस्ती, म्हसवड
१४ जुलै २०२४

सोनमआक्का,

पाया पडते. फोन लावून दमली असशील. माझा फोन मोडलाय आन नवा घ्यावा असं वाटंना, म्हणून लिवते. मामेबहीण सांगलीत पोटाच्या डॉक्टरकडं नर्स असताना मी हितं कुडत बसले हाय, असं आमच्या सासूबाई म्हणत्यात.

तीन आठवडं झालं, पोट बिघडलंय. सकाळी शाळेची बस यायची येळ झाली की पोटात पिळा पडतो. तीन-तीन डाव जावं लागतं. बस येऊन हॉर्न वाजवती तरी मी आतच. छातीत धडधड हुती, हात गार पडत्यात. दुपारनंतर बरं वाटतं. रविवारी तर काय झालंच न्हाई असं. सोमवारी परत त्येच. म्हसवडच्या डॉक्टरनं रक्त, लघवी, सगळं तपासलं. काय निघालं न्हाई.

आमच्या बसचा अपघात झाला ते तुला मामांकडनं कळलं असंल. वीस जूनला झाला. मी त्या बसवरची मावशी, पोरांना चढवायची-उतरवायची. फाट्यावर गाडी मागं घेऊन वळवावी लागती. अंकिता म्हणून सात वर्षांची पोरगी हाय, तिला न्यायला तिची आज्जी हरणाबाई आलेली. गाडी मागं घेताना डायवर भाऊसोंना ती दिसली न्हाई. म्हातारी जागीच गेली. भाऊसोंवर केस झाली, शाळेनं त्येंना काढलं. मला दुसऱ्या बसवर घातलं.

तुझ्या डॉक्टरला इचारून एखादं औषध धाड. काम सोडता येत न्हाई. मी तिथं हाय म्हणून आमच्या पोराला, मल्हारला त्या शाळेत घेतलंय.

तुझी,
माया

*

सांगली
२३ जुलै २०२४

प्रिय माया,

पत्र वाचून जीव कळवळला. असा अपघात डोळ्यांसमोर झाल्यावर पोट बिघडलं नसतं तरच नवल.

डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. ते पेशंटला नेहमी विचारतात, परीक्षेच्या दिवशी पोटात कालवायचं ना? मेंदूपासून पोटापर्यंत एक लांबलचक मज्जातंतू जातो आणि त्यावरून निरोप दोन्हीकडून जात-येत असतात. माणूस घाबरला की पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की माणूस आणखी घाबरतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. फार ताण आला की त्यातल्या चांगल्यांची घडी विसकटते, आणि त्याचा मनावरही परिणाम होतो, असं आता अभ्यास सांगतात. सोबत महिन्याभराच्या प्रोबायोटिक कॅप्सूल पाठवतेय. त्यात तेच चांगले जिवाणू असतात. रोज एक, जेवणानंतर. जादू समजू नकोस. काहींना गुण येतो, काहींना नाही, हे डॉक्टर स्वतःच सांगतात. तुझ्या सासूबाईंच्या हातचं ताक घे. चहा कमी कर. आणि एकदा सांगलीला ये, मनाच्या डॉक्टरांनाही दाखवू. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जूनमध्ये मला ओपीडीची इनचार्ज केलं म्हणून मी फोन केला होता, तेव्हा किती हसत होतीस. "आक्का, आता तू सायबीण झालीस" म्हणालीस, आणि मध्येच फोन कट झाला. त्यानंतर आपलं बोलणंच नाही. नवा फोन घे बाई.

तुझी,
सोनमआक्का

*

मधली वस्ती
२८ ऑगस्ट २०२४

आक्का,

कॅप्सूल पोचल्या. पयलं दहा दिवस लय गुण आला. भाकरी खाल्ली ती अंगी लागली. सासूबाई म्हणाल्या, सोनमनं पोरीला उठवली. मग पोलीस ठाण्यातनं निरोप आला, जबाब परत वाचून सही करा. त्या सकाळपासनं पोट हुतं तसं झालं. कॅप्सूल चालूच हायती. आता वाटतं, त्या बिचाऱ्या जिवाणूंनी तरी काय करावं.

भाऊसो घरातच असत्यात. वीस वर्षं मिलिट्रीत गाडी चालवली, कवा ओरखडा आला न्हाई. आता लोक त्येंना रामराम घालत न्हाईत. परवा बाजारात दिसले, वाळून गेल्यात. मी कापडाच्या दुकानात शिरले.

आक्का, एक काम हाय. त्या अंकिताच्या पोटात रोज सकाळी दुखतं. बस बघितली की वकती. तिच्या बापानं, जयराजरावांनी, दोन डॉक्टर केलं, काय निघंना. मला ते पोरगीचं ऐकवत न्हाई. शाळेतल्या बाईंच्या हातनं तुमच्या डॉक्टरचा पत्ता त्येंना दिलाय. आली तर नीट बघ. पण मी तुझी बहीण हाय ह्ये सांगू नको.

माया

*

सांगली
२० सप्टेंबर २०२४

माया,

अंकिता आली होती. वडील बरोबर होते. डाळिंबाची बाग आहे, पोरीसाठी फवारणी टाकून आले होते. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. पोट चांगलं आहे. प्रोबायोटिकची पावडर दिली, पण वडिलांना म्हणाले, "दुखणं खरं आहे, पोरगी ढोंग करत नाही. फक्त त्याचं कारण पोटात नसावं." मग मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा हिच्याजवळ जरा."

चित्र काढायला कागद दिला. तिनं बस काढली. मी विचारलं, "ही कुणाची बस?"

"आमची. ह्यो दरवाजा. हितं मावशी."

"मावशी काय करतेय?"

"फोनवर हसतीया."

तीच बोलत राहिली. "आज्जी म्हणली, तू हो फुडं, मी दप्तर घिऊन मागनं येती. भाऊसोकाका वरडलं, मावशी, मागं मोकळं हाय का? मावशी म्हणली, येऊ द्या, येऊ द्या. तिनं बघितलंच न्हाई. मी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणलं, मावशीनं पोलिसांना सांगितलंय तू बगत नव्हतीस, खोटं बोलू नये."

एवढं बोलून तिनं पोट धरलं.

ती गेल्यावर मी माझा फोन काढला. आपला शेवटचा कॉल वीस जूनचा आहे. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, सहा मिनिटं. माया, अपघात किती वाजता झाला?

मी डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही. कागदावर "मूल घाबरलेलं आहे" एवढंच लिहिलं. उत्तर दे.

सोनम

*

मधली वस्ती
२ ऑक्टोबर २०२४

आक्का,

पावणेपाचला.

फोन मोडला न्हाई. धान्याच्या डब्यात घालून ठेवलाय. हातात धरला की मळमळतं.

माझं काम असं की फाट्यावर मी खाली उतरायचं, गाडीच्या मागं जाऊन उभं ऱ्हायचं, मोकळं असलं की आवाज द्यायचा. दोन वर्षं रोज केलं. त्या दिवशी तुझा फोन आला. अंकिताला उतरवली, म्हातारीच्या हातात दप्तर दिलं आन दारातच उभी ऱ्हायले. तू सांगत हुतीस, मला आनंद झालेला. भाऊसोंनी इचारलं. मी मान वळवली न्हाई. येऊ द्या म्हणाले. मग दणका न्हाई बसला काय न्हाई, नुसती गाडी जरा वर झाली. तेवढंच. अंकिता बांधावर उभी हुती, तिनं हाक सुदीक मारली न्हाई.

पोलीस आले तवा भाऊसोंना इचारलं, मागं कोण बघत हुतं? त्येंनी माझ्याकडं बघितलं. मग मान फिरवली आन म्हणाले, "माझी गाडी, माझी चूक. मी कुणाला इचारलं न्हाई." मी तिथंच उभी. तोंड उघडायला तेवढीच येळ हुती, ती गेली. मग मला इचारलं. मी म्हणाले, मी आत पोरांना बसवत हुते. पोरगी काय म्हणती ते पोलिसांनी सांगितलं तवा मी म्हणाले, तिचं तोंड तिकडं हुतं, तिला काय दिसणार.

सात वर्षांच्या पोरीला मी खोटं पाडलं.

जयराजरावांचं घर मोठं, आमची वस्तीवर चार घरं. मल्हारच्या बापाला, दादासोंना ठावं न्हाई. दिवाळी झाली की ते मेंढरं घिऊन कोकणात जातील, मग घरात मी, सासूबाई आन पोरगं. मला लय भ्या वाटतं. मी काय करू ते तू सांग. तू सांगशील ते करते.

माया

*

सांगली
११ ऑक्टोबर २०२४

माया,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. हेही घाल.

झालेलं परत येत नाही. भाऊसोंनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, तू आता जबाब फिरवलास तर तुझ्यावर केस होईल, मल्हारचं काय? शिवाय पोलीस फोनचे रेकॉर्ड काढतील, त्यात माझा नंबर येईल. इथे मला आत्ता कुठे चार माणसं मान द्यायला लागलीत. मी पेशंटच्या नातेवाइकांपासून हे लपवलं असं निघालं तर मला उद्या ओपीडीत कोण उभं करेल?

आणखी दोन महिन्यांच्या कॅप्सूल पाठवतेय. बंद करू नकोस. रात्री झोपताना लांब श्वास घे. अंकिता लहान आहे, लहान मुलं विसरतात.

सोनम

*

मधली वस्ती
५ जानेवारी २०२५

आक्का,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिनं लागलं. तू गप्प बस म्हणालीस, मी बसले. मला तेच पायजे हुतं, म्हणून तुझ्यावर ढकलत न्हाई.

डिसेंबरात भाऊसो आजारी पडल्याचं कळलं. खाणं तुटलेलं, पोटात आग, वरनं दारू लागलेली. आयुष्यात कवा घेतली न्हवती. मी भेटाया गेले. का गेले ते मलाच ठावं न्हाई. ते पडवीत खाटंवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. त्येंच्या मालकिणीनं, चंद्राबाईंनी, मला बसवलं, तांब्याभर ताक आणलं. म्हणाल्या, "तुमी आलासा, बरं वाटलं. दुसरं कोण उंबरा चढत न्हाई."

मी ताक पिते हाय तवर त्या समोर बसल्या आन म्हणाल्या, "मावशी, एक इचारू? ह्ये झोपंत बोलत्यात. मावशी, मागं मोकळं हाय का, मागं मोकळं हाय का, असं. मी जागं केलं की म्हणत्यात काय न्हाई. तुमी तरी खरं सांगा. त्या दिवशी ह्येंनी इचारलं हुतं का तुमाला?"

खाटंवर भाऊसो जागं हुतं. त्येंची पाठ मला दिसत हुती. ती हलली न्हाई.

मी म्हणाले, "न्हाई इचारलं."

चंद्राबाईंनी मान हलवली. तांब्या उचलून आत गेल्या. मी चप्पल घातली आन आले. फाट्यापर्यंत आले आन सगळं ताक वकले.

त्यानंतर अकराव्या दिवशी भाऊसोंना रक्ताची उलटी झाली. कराडला नेलं, तिथं दोन दिवस काढलं आन गेले. पोटात जखमा झालत्या असं डॉक्टर म्हणाले. माणूस गेला म्हणून केस बी बंद झाली. कागदावर आता कायमचं त्येंचंच नाव ऱ्हायलं.

तुझ्या कॅप्सूल अजून हायती. मी घेत न्हाई. माझं पोट बरं व्हावं असं मला वाटत न्हाई आता.

माया

*

सांगली
१६ जानेवारी २०२५

माया,

तू शेवटी जे लिहिलंस त्याची मला भीती वाटली. दादासो कोकणात आहेत, म्हणून मी तुझ्या सासूबाईंना शेजारच्या फोनवर गाठलं आणि सांगितलं, मायाला एकटी सोडू नका, तिचं मन आजारी आहे. कारण सांगितलं नाही. शनिवारी मी स्वतः येतेय आणि तुला मनाच्या डॉक्टरांकडे नेतेय. नाही म्हणायचं नाही.

ऑक्टोबरचं माझं पत्र तू जाळलंस का माहीत नाही. मला ते तोंडपाठ आहे. भाऊसोंना तेव्हा वाचवता आलं असतं का, कोण जाणे. पण त्यांचं नाव नक्की वाचलं असतं. तू गप्प राहायला माझी परवानगी मागितलीस आणि मी माझ्या खुर्चीसाठी ती दिली. वर कॅप्सूल पाठवल्या. इतक्या वर्षांत मी कुणाला इतकं चुकीचं औषध दिलं नव्हतं.

परवा अंकिता परत आली. तीन किलोनं उतरलीय. डॉक्टर जयराजना म्हणाले, "पावडर बंद करा. मी हिला जिवाणू किती देऊ? ही काहीतरी सांगतेय आणि तिला कुणी खरं मानत नाही, असं मला वाटतं." जयराज म्हणाले, "डॉक्टर, तेच तेच खोटं बोलती ती." अंकिता खाली बघत बसली. मी दोन पावलांवर फाईल धरून उभी होते.

मी डॉक्टरांना आणि जयराजना सगळं सांगणार आहे, माझ्या फोनसकट. पण आधी तू सांगावंस. पोरीला ते तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. शनिवारी बोलू. तू म्हणालीस तर तुझ्याबरोबर त्या घरात मीही येईन.

सोनम

*

मधली वस्ती
१९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायती. झोप लागती. त्या दिवशी तू संगं येते म्हणालीस तरी मी एकटीच गेले, त्याचा राग धरू नको. जाताना दोघी असतो तर मी तुझ्या मागं उभी ऱ्हायले असते.

जयराजराव अंगणात डाळिंबाचं क्रेट भरत हुते. म्हणाले, "या मावशी, बसा." मी बसले न्हाई. मी म्हणाले, अंकिताला भाईर बोलवा. ती आईच्या मागं लपून आली. मी म्हणाले, "अंकिता, तू सांगितलंस ते सगळं खरं हाय. मी फोनवर हुते. काकांनी इचारलं हुतं. मी मागं बघितलं न्हाई आन येऊ द्या म्हणाले. मग मी पोलिसांना खोटं सांगितलं आन तुला खोटं पाडलं. तू एकदाबी खोटं बोलली न्हाईस."

पोरगी माझ्याकडं बघत न्हवती. बापाकडं बघत हुती. हळूच म्हणाली, "मी सांगितलं हुतं."

जयराजरावांच्या हातातलं डाळिंब तसंच ऱ्हायलं. मला वाटलं मारतील. ते मटकन खाली बसले आन पोरीला जवळ वढली. मग तोंड वर न करता म्हणाले, "निघा तुमी हितनं. आईचं व्हायचं ते झालं. मी हिला ह्याच हातानं मारलं हुतं, खोटं बोलती म्हणून. निघा."

तिथनं पोलीस ठाण्यात गेले. त्येंनी जबाब लिवून घेतला. फुडं काय हुईल ते सांगितलं न्हाई. शाळेनं दुसऱ्या दिवशी काढलं. मल्हार आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. दादासोंना फोनवर सांगितलं. त्येंनी ऐकून घेतलं आन म्हणाले, "मेंढरं रानात शिरल्यात, ठेव." आठ दिवस झालं, परत फोन न्हाई. सासूबाई जेवायला वाढत्यात, बोलत न्हाईत.

सगळ्यात शेवटी चंद्राबाईंकडं गेले. मुद्दाम शेवटी, धाडस हुईना. दारातच सांगितलं. त्या चौकटीला धरून ऐकत हुत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "हे त्या दिवशी बोलली असतीस तर त्येंनी ऐकलं असतं. तितं, पाच पावलांवर हुते. आता मला सांगून काय करू मी?" आन दार लावून घेतलं. आपटलं न्हाई. सावकाश लावलं.

पोट तसंच हाय. सकाळी पिळा पडतो. डॉक्टर म्हणाले, येळ लागंल. लागू दे.

माया

*

सांगली
९ मार्च २०२५

माया,

राग नाही. तू एकटी गेलीस तेच बरोबर होतं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ओपीडीतून काढून स्टोअरला घातलं. अपील केलं नाही. जयराजना मीच फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सिस्टर, तुमाला सप्टेंबरातच कळलं हुतं न्हवं?" मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता हे लोक इकडे फिरकणार नाहीत.

काल आले. वजन दीड किलोनं वाढलंय. सकाळी दुखतं, पण रोज नाही, उलटी महिन्याभरात दोनदाच. डॉक्टरांनी दुसरं औषध काही दिलं नाही, फक्त मुलांच्या समुपदेशकाकडे जात राहा म्हणाले. मी स्टोअरच्या दारात उभी होते. अंकिता स्वतःहून माझ्याकडे आली.

"सिस्टर, मग भाऊसोकाकांना परत बसवर घेतलं का? त्यांनी तर इचारलं हुतं."

तिला कुणी सांगितलेलंच नाही, माया. तिच्या हिशोबात आता सगळं सरळ झालंय. खरं कळलं, म्हणजे काका परत येणार. मी जयराजकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. मला सोपं होतं. बघू हं, घेतील, असं म्हटलं असतं तरी ती हसत गेली असती.

मी खाली बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "नाही बाळा. भाऊसोकाका डिसेंबरात वारले. खूप आजारी पडले होते. त्यांची चूक नव्हती हे सगळ्यांना कळलं, पण ते गेल्यावर कळलं."

ती रडली, मोठ्यानं, तोंड उघडून, आख्खी ओपीडी वळून बघेल अशी. जयराज म्हणाले, ती आज्जी गेल्यापासून एकदाही रडली नव्हती. ते तिच्याशेजारी फरशीवर बसले. मला त्यांनी थांबवलं नाही, माझ्याशी बोललेही नाहीत. मी उठून पाणी आणलं.

सोनम